बिनउंबऱ्याची खोली

"बसवा त्याला, आधी बसवा. आडवा पडू दिला की पोरगं हातचं गेलं समजा," असं गुणवंतकाका त्यांच्या विहिरीच्या काठावरून ओरडत होते, आणि तो आवाज असा होता की तिकडं चाकूरच्या बाजारात म्हशींचे सौदे थांबले असतील. विहीर त्यांची, म्हणून ओरडण्याचा पहिला मान त्यांचा. मी विहिरीच्या शेवटच्या पायरीवर, अर्धा पाण्यात आणि अर्धा महेबूबच्या मांडीवर पडलो होतो. महेबूब माझा जिवाभावाचा दोस्त. आम्हा दोघांचं मिसरूड एकत्र केलं असतं तर कशीबशी एक मिशी झाली असती, असं ते वय. त्याचा चेहरा मला उलटा दिसत होता. उलट्या चेहऱ्यावरून माणूस रडतोय की हसतोय ते कळत नाही. तो हसतोय असं मी धरून चाललो आणि त्याला विचारलं, "किती उंच उडालं रे पाणी?"

कारण मुद्दा तोच होता. गुडघे छातीशी घ्यायचे, हातांनी पायांना मिठी मारायची आणि बुडावर पाण्यात पडायचं, याला आमच्याकडे मुटका म्हणतात. मुटके सगळं गाव मारी, पण माझ्या मुटक्याची बात निराळी. माझ्या एका मुटक्यानं काठावरचा ऊस भिजे आणि काकांना त्या दिवशी मोटार चालवायची गरज पडत नसे. एकदा तर विहिरीतलं सगळं पाणी इतकं वर गेलं की खाली यायला त्याला वेळ लागला, तोवर आम्ही तळाशी कोरड्यात उभे राहून विडी ओढून घेतली. हे मी रेणापूरच्या पाहुण्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विडी कुठली होती एवढंच विचारलं. एवढी माझी पत. पण त्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं होतं आणि तळातला खडक हातभर पाण्याखाली आला होता. पाणी काळं होतं, आणि काळं पाणी नेहमी खोलच वाटतं.

दुखलं अजिबात नाही. हे सांगितलं की लोक आजही माझ्याकडे संशयानं बघतात. आयुष्यभर थापा मारलेल्या माणसाच्या खऱ्या गोष्टींचे असेच हाल होतात. उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं तसा आवाज मात्र झाला, तो कानांनी नव्हे, आतून ऐकू आला. मग पाण्यावर दोन पाय तरंगत वर आले. मी त्यांच्याकडे बघत होतो. कुणाचे असतील, एवढंच मनात आलं. अंगठ्यावर माझ्याच जुन्या जखमेचा वण दिसला तेव्हा ओळख पटली.

नंतर गावानं मला वाचवलं. वाचवलं म्हणजे कसं, ते ऐका. दोघांनी काखेत हात घालून मला पायऱ्यांवरून ओढत वर आणलं, पाय मागून पायरी-पायरीवर आपटत आले. काकांच्या हुकमाप्रमाणे मला बसवलं. मी पुढं वाकत होतो तर मागून केस धरून सरळ केलं. कुणी नाकाशी कांदा फोडला. एका जाणत्यानं, मणका सरकलाय, झटका दिला की बसतंय, असं म्हणून पाठीला गुडघा लावून दोन्ही खांदे मागं खेचले. आणि मग आमच्या भागात जखमी माणसाला जसं नेतात तसं नेलं: मोटारसायकलवर, दोघांच्या मधे. पुढं महेबूब चालवायला, मागं काका मला मिठी मारून, आणि माझे पाय रस्त्यावर घासू नयेत म्हणून उपरण्यानं पेट्रोलच्या टाकीला बांधलेले. चाकूरपर्यंतच्या रस्त्यात जेवढे खड्डे होते तेवढे सगळे आम्ही घेतले, एकही सोडला नाही. पुढं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं की पाठ मोडलेला माणूस दार उचलावं तसा उचलायचा असतो. चौघांनी, एकदम, सपाट, फळीवर, मान आणि कंबर एका रेषेत ठेवून. आणि फळी मिळेपर्यंत पडला तिथं पडू द्यायचा असतो. मला पोत्यासारखं नेलं. किती खडकानं मोडलं आणि किती मायेनं, याचा निवाडा आता कुणीच करू शकत नाही. लोकांनी वाईट हेतूनं काही केलं नाही. हेतू फारच चांगला होता, आणि या सगळ्या प्रकरणात मला त्या चांगल्या हेतूचंच जास्त भय वाटत आलं आहे.

आधी लातूर, मग नांदेड. नांदेडचा दवाखाना मला मुख्यतः वरून आठवतो, म्हणजे त्याचं छत. त्या छतावर ओलीचा एक डाग होता, तो रोज थोडा वाढे. शेजारच्या खाटेवरच्याला मी सांगे की हा डाग आपल्या जिल्ह्याचा नकाशा आहे आणि आज तो जळकोटपर्यंत पोचला. बेंबीच्या खाली मला काही कळत नव्हतं. लघवीला नळी होती. एक दिवस दाराच्या फटीतून दिसलं की बाहेर डॉक्टर बोलतायत, समोर माझे वडील, ज्यांना सगळं गाव बापू म्हणे आणि मीही, आणि बापूंच्या मागं महेबूब. बोलता बोलता बापूंनी डोक्यावरची टोपी काढली, तिची घडी केली, परत घातली. मग आत येऊन खाटेशी उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर म्हणले, धक्का बसलाय शिरांना. दसऱ्यापर्यंत उठून बसतंय आन् दिवाळीला चालतंय."

आता बापू कोण होते ते सांगायला हवं, नाहीतर या वाक्याचं वजन कळणार नाही. मी जितका थापाड्या तितका हा माणूस खरा. मोंढ्यात तूर नेली की आडत्यानं विचारायच्या आधी हे सांगत, जरा दमट हाय बरं का. माझ्या लहानपणी देवीच्या जत्रेत एका ज्योतिष्यानं त्यांना, शंभर वर्षं जगाल, म्हटलं तर हे म्हणाले, तुला काय माहीत? माय म्हणायची की लग्नात नवरीकडच्यांनी विचारलं, पोराला काही खोड हाय का, तर पोरानं स्वतःच उठून खोडी सांगितल्या. सगळ्या मुलुखात थापांचा एवढा मोठा कारखाना मी एकट्यानं कसा काढला? कारण घरात माल शिल्लक होता; बापूंनी त्यांच्या वाट्याचा वापरलाच नव्हता. तेव्हा बापू म्हणाले दिवाळीला चालतंय, म्हणजे दिवाळीला चालतंय. मी कॅलेंडरवर संशय घेतला असता, बापूंवर नाही.

घरी आणलं तेव्हा खाट ओसरीत टाकली होती. आमचं घर मातीच्या माळवदाचं, दोन खण आणि एक ओसरी, आणि आत जायला गुडघ्याएवढा उंच सागवानी उंबरा. ओसरीतून मला सगळं घर ऐकू येई. पहाटे जात्याऐवजी आता गिरणीचं पीठ असे, पण भाकरी थापायचा आवाज तोच. माय किती रागात आहे ते मला थापेच्या आवाजावरून कळे. दुपारी येसराची आमटी उकळायला लागली की वास आधी मला येई, मग कुत्र्याला. अंबाडीची भाजी, तिच्यावर लसणाची फोडणी, कण्या. माय घास भरवायची, हात धडधाकट असतानाही, आणि मी भरवून घ्यायचो. दिवाळीपर्यंतचाच तर प्रश्न होता.

आणि सारखं मला कुशीवर वळवायचे. आत्ता उजवीकडं, थोड्या वेळानं डावीकडं. बापू शेतातून मधेच येत आणि म्हणत, "ऊन यायलंय अंगावर, वळ." ओसरीत ऊन मुळीच येत नसे. माय म्हणे चादर झटकायची आहे. त्या चादरीइतकी झटकलेली चादर हिंदुस्थानात नसेल. शेवटी शेवटी तिच्यातून पलीकडचं शेत दिसायला लागलं होतं. फार पुढं मला कळलं की हे सगळे डॉक्टरांचे हुकूम होते, वेषांतर करून आलेले. ज्या अंगाला कळत नाही ते अंग एका जागी पडून राहिलं की सडायला लागतं, म्हणून वळवायचं. पण वळवायचं का, ते मला सांगितलं असतं तर मी पुढचा प्रश्न विचारला असता. म्हणून ऊन येत होतं.

मला बघायला लोक येत. येताना प्रत्येकजण एक गोष्ट घेऊन येई. उदगीरकडं एक माणूस सातव्या माळ्यावरून पडला होता, आता तो बैलगाडी हाकतो. उदगीरला तेव्हा सात माळ्यांची इमारत नव्हती. मला माहीत होतं, कारण असती तर ती मी आधीच माझ्या एखाद्या गोष्टीत वापरली असती. गावचा न्हावी माझी दाढी करताना पायांकडे बघून म्हणाला, "केस वाढायलेत की. केस वाढायलेत म्हंजे आत जीव हाय." मला या लोकांचा हेवा वाटायचा. एवढी वर्षं मी एकटा या धंद्यात होतो, आणि आता सगळं गाव उतरलं होतं आणि माझ्यापेक्षा सरस माल विकत होतं. मी मागं कसा राहणार? मी जाहीर करून टाकलं की मी चालत माहूरचा गड चढणार आहे आणि उतरताना लंगडी घालत उतरणार आहे. जत्रेतल्या धावण्याच्या शर्यतीत मी महेबूबला हरवणार, हरलो तर त्याची गुरं वर्षभर राखणार. महेबूब खाटेच्या कडेला बसलेला होता. "हाव," म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. त्या माना मला अजून दिसतात.

मग एका दुपारी पाय हलला. उजवा. गुडघ्यातून असा उडाला की पायाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या अंगणात गेला. मी बोंब मारली. माय धावत आली, पिठाचे हात तसेच, आणि तिनं तो पाय धरला तर पाय तिच्या हातात थरथरतच होता. डावाही लागला उडायला. ती खाली बसली आणि पायांवर डोकं टेकून रडली. बापू आले, बघितलं. संध्याकाळी चाकूरहून पेढे आणले आणि घरोघर स्वतःच्या हातानं वाटले. "पोराचा पाय हलला," एवढंच सांगत. आज मला माहीत आहे की पाठीच्या मणक्यातला दोर तुटला की त्याखालचे पाय काही महिन्यांनी आपल्या मनानं उडायला लागतात. मालक मेलेल्या घोड्यानं उधळावं तसं ते असतं. त्यात चालणं नसतं. आजही रोज सकाळी माझे पाय उडतात, आणि मी त्यांना म्हणतो, बसा रे, पेढे संपले. पण बापूंना हे त्या दिवशीच माहीत होतं. डॉक्टरांनी नांदेडलाच त्यांना बजावलं होतं की असं होईल आणि तुम्ही उगाच आशा धरू नका. माहीत असताना या माणसानं पेढे आणले. एक पेढा मला स्वतःच्या हातानं भरवला.

त्यानंतर बूट आले. पांढरे, कॅनव्हासचे, नाडीचे, बापू कशाचा तरी माल विकायला नांदेडला गेले होते तिथून आणलेले. "सवय पाहिजे पायाला," बापू म्हणाले आणि त्यांनी ते माझ्या पायांत चढवले. मी ते काढू द्यायचो नाही. जगाच्या पाठीवर इतके स्वच्छ राहिलेले बूट दुसरे नसतील. त्यांना धूळ लागायचा प्रश्नच नव्हता. गावातली पोरं ते बघायला येत, मी त्यांना सांगे की हे बूट आपोआप चालतात, फक्त आत पाय कुणाचा तरी लागतो. दसरा गेला. दिवाळी गेली. बापू म्हणाले थंडीनं शिरा आखडतात, संक्रांतीनंतर बघू. संक्रांत गेली, जत्रा गेली, शर्यत कुणीतरी दुसऱ्यानंच जिंकली. तारीख पुढं सरकत राहिली आणि मी तिच्यामागं पडून पडून चालत राहिलो. मग ओसरीत वास यायला लागला. मेलेला उंदीर असेल म्हणून मायनं सगळं सामान हलवलं. वास बुटातून येत होता. डाव्या बुटाची टाच आतून तपकिरी झाली होती, आणि बूट काढला तेव्हा टाचेचं कातडं त्याच्याबरोबर आलं. आत पांढरं दिसत होतं. मला काहीही कळलं नव्हतं, मी तेव्हा न्हाव्याला उदगीरच्या माणसाची गोष्ट सुधारून सांगत होतो. ती जखम भरायला जो काळ गेला त्यात एखादं पोरगं चालायला शिकलं असतं. आजही त्या टाचेला खड्डा आहे.

त्या जखमेच्या काळातच बापूंनी घराशेजारी पक्की खोली बांधायला काढली. माळवद गळतंय, म्हणाले. ते खरंही होतं. खाजामियाँ गवंडी आला. काम चालू असताना माझी खाट अंगणात कडुनिंबाखाली आणून ठेवत, आणि मी तिथून बांधकामाची देखरेख करी. मी खाजामियाँना सांगे की या खोलीला जिना काढा, मी वरच्या माळ्यावर राहणार आहे. खाजामियाँ मोठा कामसू आणि तितकाच अबोल माणूस. हसून वीट लावायचा. खोलीसमोरची जमीन त्यानं मुरूम टाकून हळूहळू चढती केली, अंगणापासून थेट दारापर्यंत, पायरीविना. मी बघितलं. बापूंना विचारलं. "पावसाचं पाणी," म्हणाले. उताराचं तोंड खोलीकडं वर होतं, पाणी खरंच बाहेर गेलं असतं. मी परत जिन्याचं बोलायला लागलो.

आमच्याकडे दाराची चौकट उभी करताना पूजा असते. त्या दिवसासाठी बापूंची बहीण, माझी आत्या, जळकोटहून आली. आत्या आल्याचं गावाला सांगावं लागत नसे. तिनं पोळीचं जेवण केलं, हळदीकुंकवाचं ताट केलं, नारळ घेतला आणि दाराशी गेली, आणि तिथंच थांबली. चौकट तीन बाजूंची होती. दोन उभी लाकडं, वर एक आडवं. खाली काही नाही. महेबूब चौकट एका बाजूनं धरून उभा होता, खाजामियाँ ओळंबा लावत होता.

"उंबरा कुठाय?" आत्या म्हणाली.

मग तिनं हातातलं ताट खाली टेकवलं.

"अगं बाई, उंबऱ्याबिगर घर असतंय का? लक्ष्मीनं पाय कुठं ठिवायचा? हळद कशाला लावू मी, तुमच्या डोस्क्याला? सून येईल ती माप कशावरलं लवंडील? गोठ्याला नसतोय उंबरा, माणसाच्या घराला असतोय. काय ओ खाजामियाँ, लाकूड कमी पडलं का तुमाला का अक्कल?"

"मेरेकू कायकू बोलतीस बाई," खाजामियाँ ओळंब्यावरून नजर न हलवता म्हणाला, "बापूनीच सांगितलं, नीचेकी लकडी नको. उंबरा ठिवला तर गाडी आत कशी जाईल?"

"कोणती गाडी?"

"पोराची. चाकाची. नांदेडहून आनतेत ना ती. जलमभर उचलू उचलू नेतेत का त्याला?"

तो सहज बोलला. त्याच्या मनात काहीच नव्हतं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट त्यानं सांगितली, आणि त्या सगळ्यांत मीही आहे असं त्याला वाटलं. मी हसलो. खरंच हसलो. "खाजामियाँ, गाडी कुणाला," मी म्हटलं, "या दसऱ्याला मी..." आणि मग मला दिसलं की माझ्याकडे कुणी बघत नाही. माय नारळाकडं बघत होती. आत्यानं तोंडावर पदर धरला होता. म्हणजे तिलाही माहीत होतं, जळकोटला सुद्धा माहीत होतं, फक्त रागाच्या भरात ती विसरली होती. बापू मुरुमातला एक खडा पायानं बाजूला करत होते.

मी महेबूबकडं बघितलं. त्यानं चौकट घट्ट धरली.

"तुला माहीत होतं?"

"हाव."

"कवापासून?"

"नांदेडपासून. मी होतो की तिथं, बापूंच्या मागं."

"आन् शर्यत लावलीस माझ्याशी?"

"तू लावलीस. मी निस्तं हाव म्हणलो." मग त्याच्याच्यानं राहवेना. "दिग्या, बापूंनी आण घातली होती. घरोघर जाऊन सगळ्यांना घातली. डॉक्टर तर म्हणले होते, पोराला परत घेऊन या, हाताच्या जोरावर खाटेवरून गाडीवर बसायचं शिकवतो, सगळं आपलं आपण करतंय ते. बापू म्हणले, तिकडं न्हेलं की त्याला कळंल."

खोटं बोलणाऱ्यांचा मला राग येत नाही. मी कुठल्या तोंडानं येऊ देऊ? त्या दिवशी मला जाळलं ते ऐकणाऱ्यांनी. माहूरचा गड मी लंगडीनं उतरणार, असं मी म्हणत होतो आणि सगळं गाव ते ऐकून घेत होतं, जसं वेड्याचं ऐकतात, मेलेल्या माणसाला न्हाऊ घालताना त्याच्याशी जसं हळू बोलतात. माझी प्रत्येक बढाई काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. मला एकट्यालाच ठाऊक नव्हतं. आणि मधल्या काळात माझे गुडघे वाकून तसेच धरले गेले होते, खांदे पोरीच्या खांद्यांसारखे झाले होते, टाच हाडापर्यंत गेली होती. हात धड होते. त्या हातांनी मला त्याच पावसाळ्यात गाडीवर बसता आलं असतं, विहिरीपर्यंत जाता आलं असतं. ते हात मी पेढे खायला वापरले. खडकानं माझे पाय नेले त्याला एक क्षण लागला. बाकीचं जे गेलं ते घरच्यांनी प्रेमानं, रोज थोडं थोडं, नेलं. मी खाटेखाली हात घातला आणि जे हाताला लागलं ते फेकलं. तांब्या, ताटली, बूट. उजवा बूट खाजामियाँच्या ताज्या भिंतीत रुतला. काय काय बोललो ते लिहीत नाही. एरवी माझं काहीही वाढवून सांगायला मी तयार असतो, पण ते आहे तेवढंच पुरे होतं. मायनं कान झाकले नाहीत. उभी राहून सगळं ऐकलं. शेवटी आत्या वाकली आणि जिथं उंबरा असायला हवा होता तिथल्या मातीला तिनं हळदीची पाच बोटं ओढली, कुंकू टेकवलं, आणि नारळ न फोडताच जुन्या घरात निघून गेली.

आता या वयात माझ्याकडे चाकांची तिसरी गाडी आहे आणि तिनं मी चाकूरच्या बाजारात एकटा जातो. महेबूब आता नातवंडांचा धनी आहे, अजून येतो, आणि मी काहीही सांगायला लागलो की चुकूनसुद्धा "हाव" म्हणत नाही. खोटं हाय, म्हणतो, तोंडावर. तेवढ्यासाठीच मी त्याच्याशी पुन्हा बोलायला लागलो. तसं व्हायला फार वर्षं लागली. उन्हाळ्यात पोरं विहिरीवर जमली की मी गाडी काठाशी नेतो, आधी काठी टाकून पाणी मोजायला लावतो आणि कुणी पडलंच तर हात न लावता फळी आणायची असं ओरडून ओरडून सांगतो. गुणवंतकाकांपेक्षा माझा आवाज मोठा आहे. लातूरपर्यंत जातो.

चौकट उभी केली त्या दिवशी दिवे लागायच्या वेळी बापू नेहमीसारखे उकळून निवालेलं पाणी आणि धुतलेलं फडकं घेऊन टाचेची जखम बांधायला आले. खाटेच्या पायथ्याशी उकिडवे बसले. पाय मांडीवर घेतला. मी त्यांच्याकडं बघत होतो आणि ते टाचेकडं.

"बापू, डॉक्टर काय म्हणले होते?"

"कळलंय की आता तुला."

"तुमच्या तोंडून पाहिजे."

त्यांनी फडकं पिळलं. "पाय येणार न्हाईत म्हणले. जलमभर."

"आन् शिकवायला आणा म्हणले होते?"

"हाव."

"पेढे वाटले त्या दिवशी माहीत होतं?"

"हाव."

मायच्या भाकरीचा आवाज आतून येत होता, अगदी हळू, जणू कुणाला कळू नये की या घरात आज जेवण आहे. बापूंनी जखमेवर घडी ठेवली, पट्टी गुंडाळली, दोन वेढे, तीन वेढे, घट्ट नाही, सैल नाही. मी विचारलं, "मग मला सांगणार कवा होता?"

त्यांनी गाठ मारली, पाय उचलून उशीवर ठेवला.

"तू चालायला लागल्यावर," बापू म्हणाले.